घरात कोणाला लाल लघवी झाली होती का? : ॲडलिमुमॅबआधीच्या क्षयरोग तपासणीचं एक प्रकरण

पत्राची शेवटची ओळ अशी होती: "टीबी निगेटिव्ह. बायोलॉजिक सुरू करायला हरकत नाही." बायोलॉजिक म्हणजे प्रतिकारशक्तीतला एखादा रेणू अडवणारं औषध, इथे ॲडलिमुमॅब. पाठवणारा सहकारी जबाबदार माणूस आहे, आणि सोबत जोडलेले दोन्ही रिपोर्टही खरेच होते. तरी ती ओळ चुकीची होती. कशी, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम तसाच ठेवला आहे.

दुखणं

वय ३१, राहणार सोलापूर. टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर बारा तासांची पाळी. घर दीड खोलीचं. घरात आई, बायको आणि सहा वर्षांची मुलगी. आई घरीच बिड्या वळते.

चार वर्षांपासून कंबर दुखत होती. पहाटे तीन-साडेतीनला दुखण्यानेच जाग यायची, उठल्यावर दोन तास कंबर लाकडासारखी, आणि मागावर उभं राहिलं की हळूहळू मोकळी व्हायची. हे शेवटचं त्याने सहज सांगितलं, पण निदान त्यातच होतं. मणक्याची गादी सरकलेल्या माणसाचं दुखणं कामाने वाढतं. याचं आरामाने वाढत होतं. तरी चार वर्षं उपचार गादीचेच झाले. पट्टा झाला, ट्रॅक्शन झालं, इंजेक्शनं झाली. कमरेच्या एमआरआयमध्ये एक गादी थोडी फुगीर दिसली होती, ती तर कंबर न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या एमआरआयमध्येही दिसते.

पुढे कोणीतरी ओटीपोटाच्या मागच्या बाजूच्या सॅक्रोइलियाक सांध्यांचा एमआरआय काढला. दोन्ही बाजूंना हाडात सूज, या आजाराशी जोडलेली जनुकीय खूण एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह, रक्तातली दाहाची खूण सीआरपी वाढून ४८. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, म्हणजे मणक्याचा दाहक संधिवात. दोन वेगवेगळ्या वेदनाशामक गोळ्या पूर्ण मात्रेत घेऊनही आजाराचा स्कोअर दहापैकी ६.८ होता, चारच्या वर गेला की आम्ही आजार पेटलेला समजतो. शिवाय वर्षभरात उजवा डोळा दोनदा लाल झाला होता, दुसऱ्यांदा तर उजेडाकडे बघवेना. तो युव्हिआयटिस, म्हणजे डोळ्याच्या आतला दाह, याच आजाराचा भाऊबंद.

आपल्याकडे रात्रीची कंबरदुखी आणि घटलेलं वजन समोर आलं की पहिला संशय मणक्याच्या क्षयाचा घ्यावा. तो इथेही घेतला होता. पण दोन मणके आणि मधली गादी मिळून खाल्ली गेल्याचं चित्र नव्हतं, आजूबाजूला पू नव्हता, आणि सांधे दोन्ही बाजूंचे धरलेले होते. सॅक्रोइलियाक सांध्याचा क्षय बहुतेक वेळा एकाच बाजूला असतो.

हेच औषध का

दाह पेटवणाऱ्या टीएनएफ या रेणूला अडवणारी औषधं या आजारात खरोखर काम करतात. त्यांतल्या इटानरसेप्टने क्षय उफाळण्याचा धोका ॲडलिमुमॅब किंवा इन्फ्लिक्सिमॅबपेक्षा कमी असतो. आयएल-१७ हा दाहाचा दुसरा रेणू अडवणाऱ्या सेक्युकिनुमॅबचा धोका त्याहूनही कमी मानतात. मग भारतासारख्या देशात सरळ तीच का देत नाही, असं कोणीही विचारेल, आणि बऱ्याच रुग्णांत आम्ही तीच देतो. या रुग्णाची अडचण डोळ्याची होती. युव्हिआयटिसवर इटानरसेप्टचा भरवसा नाही, आणि सेक्युकिनुमॅबही तिथे कमी पडतं. मागाचा धागा तुटलेला बघायला डोळाच लागतो. दोन झटके येऊन गेले होते, तिसऱ्यात नजर जाण्याची भीती होती. तेव्हा ॲडलिमुमॅब, ४० मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी पोटाच्या कातडीखाली. २०१४च्या डिसेंबरपासून हे औषध भारतीय कंपनीच्या बायोसिमिलर रूपात, म्हणजे मूळ औषधाच्या जवळपास तंतोतंत नकलेच्या रूपात, मिळतं, म्हणून तर यंत्रमाग कामगाराच्या बाबतीत त्याचा विचार तरी करता आला. पहिल्या तीन महिन्यांचे पैसे त्याने पतसंस्थेतून उचलले होते. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे "महिनाभर थांबा" म्हणताना त्या कर्जाचे हप्ते चालू झालेले होते.

आता क्षयाचा संबंध. क्षयाचा जंतू शरीरात शिरला की बहुतेकांच्या बाबतीत शरीर त्याला मारून टाकत नाही, वेढा घालतं. पांढऱ्या पेशी त्याच्याभोवती गोळा होतात, एकमेकींना चिकटून तट उभारतात, आणि जंतू आत अडकून पडतो. मेलेला नसतो, पण बाहेरही पडू शकत नाही. असा माणूस आजारी नसतो, खोकत नाही, कोणाला लागण करत नाही. हाच सुप्त क्षय. पण वेढा म्हटला की रसद आली. इथे ती टीएनएफच्या जोरावर चालते. टीएनएफ तोडला की वेढ्यातले शिपाई पांगतात.

हे आधी उंदरांच्या प्रयोगांत दिसलं होतं. माणसांत २००१ साली कळलं. इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्या ७० रुग्णांना क्षय झाल्याची नोंद अमेरिकेच्या औषध नियामकाकडे जमा झाली होती आणि ती त्या वर्षी प्रसिद्ध झाली. त्यातल्या ४८ जणांना तीन किंवा त्याहून कमी डोस झाल्यावरच क्षय झाला होता. ४० जणांचा क्षय फुप्फुसाबाहेर होता, म्हणजे नेहमीचा खोकला आणि बेडका यांची वाट बघत बसलात तर सापडणारच नाही असा. आणि ७०पैकी ६४ जण क्षय क्वचित असणाऱ्या देशांतले होते. मला यातला हा शेवटचा आकडा सगळ्यात जास्त टोचतो. तिथे ही गत, तर आपल्याकडे? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १५ वर्षांवरील सुमारे ३१ टक्के भारतीयांत क्षयाच्या संसर्गाची खूण सापडली. माझ्या बाहेरच्या बाकड्यावर एका वेळी सहा माणसं बसतात. त्यातली दोन.

स्पेनमध्ये २००२ साली नियम केला: आधी तपासणी, गरज असेल तर प्रतिबंधक उपचार, मग बायोलॉजिक. क्षयाचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. पण तिथल्याच नोंदींनी पुढे दाखवलं की ज्यांच्या बाबतीत नियम अर्धवट पाळला गेला, त्यांना क्षय होण्याची शक्यता सातपट होती. अर्धवट पाळलेला नियम कसा दिसतो, त्याचा नमुना माझ्या टेबलावर होता.

दोन रिपोर्ट

पहिला रिपोर्ट माँटूचा. दंडाच्या खाली, हाताच्या आतल्या बाजूला ट्यूबरक्युलिन, म्हणजे क्षयाच्या जंतूचा अर्क, टोचायचं आणि ४८ ते ७२ तासांनी गाठ मोजायची. मोजायचा तो कडकपणा, लाली नव्हे, आणि तो बोटाने चाचपून. रिपोर्टवर लिहिलं होतं: ४ मिलिमीटर, निगेटिव्ह. प्रतिकारशक्ती दबलेल्या माणसात ५ मिलिमीटरला पॉझिटिव्ह धरतात. म्हणजे निगेटिव्ह, एका मिलिमीटरने.

दुसरा रिपोर्ट रक्ताचा, ज्याला आम्ही आयजीआरए म्हणतो. क्षयाच्या जंतूत असलेली पण बीसीजीच्या लसीत नसलेली दोन प्रथिनं रक्तात मिसळतात आणि पांढऱ्या पेशी इंटरफेरॉन गॅमा सोडतात का ते मोजतात. आपल्याकडे जन्मतःच बीसीजी टोचलेली असल्यामुळे माँटू उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते. इथे तो घोळ टळतो. या तपासणीत चार नळ्या असतात. एक कोरी, दोन क्षयाच्या प्रथिनांच्या, आणि चौथीत मायटोजेन, म्हणजे धडधाकट पेशी असेल तर तिने उसळून उठलंच पाहिजे असा रासायनिक चाबूक.

त्याचे आकडे असे होते: कोरी ०.०६, क्षयाच्या नळ्या ०.११ आणि ०.१४, मायटोजेन ०.३१. कोरीचा आकडा वजा करून क्षयाच्या नळीत ०.३५ किंवा जास्त आलं तर पॉझिटिव्ह. तसं नव्हतं. पण मायटोजेनच्या नळीत वजाबाकीनंतर निदान ०.५ तरी यायला हवं, तिथे ०.२५ आलं होतं. चाबूक मारूनही घोडा हलला नव्हता. अशा वेळी यंत्र "निगेटिव्ह" लिहीत नाही, "अनिश्चित" लिहितं, आणि रिपोर्टवर तसंच लिहिलेलं होतं. फक्त पत्रात उतरताना त्याचं "निगेटिव्ह" झालं. अनिश्चित हा काही क्षयाबद्दलचा निकाल नव्हे, तो तपासणीबद्दलचा आहे: परीक्षाच झाली नाही. पण ओपीडीत पंचाहत्तर पेशंट असताना "पॉझिटिव्ह नाही ना?" एवढंच डोळ्याला दिसतं. माझंही असं झालेलं आहे.

पेशी का उठल्या नाहीत, हे शोधायला फार लांब जावं लागलं नाही. गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगितलं. पेशंट "कंबरेच्या गोळ्या" घेऊन आला होता, "डोळ्याच्या गोळ्या" घरी होत्या. ते दुखणं वेगळं, डॉक्टर वेगळे, म्हणून आणल्या नव्हत्या. बायकोने फोनवर नाव वाचून दाखवलं. प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड. ४० मिलिग्रॅमपासून कमी करत आणलेलं, दोन्ही तपासण्यांच्या दिवशी २० मिलिग्रॅम चालू. जोडीला आठवड्याला १५ मिलिग्रॅम मेथोट्रेक्सेट, तेही प्रतिकारशक्ती दाबणारंच. डोळ्याच्या डॉक्टरांनी योग्यच दिलं होतं. पण आमच्या कागदांत त्याचा पत्ता नव्हता. एवढ्या स्टेरॉइडवर माँटूची गाठ उठत नाही आणि आयजीआरएचा मायटोजेन झोपतो, हे दोन्ही अगदी अपेक्षित आहे.

आणखी एक संशय होता. नमुना शनिवारी संध्याकाळी घेतला होता आणि तपासणी दुसऱ्या शहरात झाली होती. या नळ्या नीट हलवून, १६ तासांच्या आत ३७ अंशांच्या उबवणीत जायला लागतात. शनिवारची रात्र, एसटीचं पार्सल आणि सोलापूरचा एप्रिल. दोष कोणाचा हे सिद्ध करता येणार नाही, पण पुढचा नमुना मंगळवारी सकाळी घ्यायचा आणि उबवणी गावातच करून मग पाठवायचं, एवढं ठरवलं.

खरं तर क्षयाची तपासणी स्टेरॉइड सुरू करण्याआधी व्हायला हवी. "बायोलॉजिक लागेल" असं वाटायला लागलं, त्या दिवशी. डोळा लाल झाल्यावर कोणी तेवढं थांबत नाही, थांबूही नये. पण रक्त काढून ठेवायला दोन मिनिटं लागतात.

प्रश्न

आईला मी त्या दिवशी आत बोलावलं. बाईंचा आवाज खणखणीत, मध्ये मध्ये खोकत बोलायच्या.

"मावशी, घरात कोणाला टीबी झाला होता का?"

"नाही बाबा. आमच्यात तसलं काय नाही."

हे उत्तर दहापैकी आठ वेळा येतं आणि ते ऐकून फॉर्मवरच्या चौकोनात "नाही" लिहिलं जातं. त्यात खोटं बोलण्याचा हेतू असतोच असं नाही. अनेक घरांत रोग्यालाच "छातीत पाणी झालं होतं", "पॅच आला होता", "गाठ होती" एवढंच सांगितलेलं असतं. आणि लग्नाची मुलगी असेल तर तो शब्द उंबऱ्याच्या आत येऊच देत नाहीत. म्हणून मी एक जुना प्रश्न विचारतो, तो मला वॉर्डातल्या एका सिस्टरने शिकवला होता.

"बरं, घरात कोणाला लाल लघवी होणारं औषध होतं का? सहा महिने घ्यायचं?"

बाई थबकल्या. "हां, ते थोरल्या जावयाला होतं की. लाल म्हणजे नुसती लालभडक. आम्ही घाबरलो, तर तिथले डॉक्टर म्हणाले, गोळीचा रंग आहे."

क्षयावरच्या रिफॅम्पिसिन या औषधाने लघवी नारिंगी-लाल होते. या देशात सहा महिने चालणारं आणि लघवी लाल करणारं औषध म्हणजे जवळजवळ एकच गोष्ट. जावई दोन वर्षांपूर्वी काम शोधायला आला होता आणि चार महिने याच दीड खोलीत राहिला होता. औषध सुरू झालं ते तिसऱ्या महिन्यात. त्याआधी दोन महिने तो आणि माझा पेशंट एकाच पंख्याखाली झोपत होते.

हे कळल्यावर आयजीआरए परत काय सांगते याने मला फारसा फरक पडणार नव्हता. तरी केली, एक तर नोंदीसाठी आणि दुसरं पेशंटच्या समाधानासाठी: ज्याला काही होत नाही अशा माणसाला सहा महिने गोळी घ्यायला लावायची तर कागदावर काहीतरी दिसावं लागतं. डोळ्याच्या डॉक्टरांशी बोलून प्रेडनिसोलोन ७.५ मिलिग्रॅमवर आणलं, आणि पाच आठवड्यांनी मंगळवारी सकाळी नमुना घेतला. कोरी ०.०९, क्षयाच्या नळ्या १.१२ आणि १.३८, मायटोजेन ६.४. पॉझिटिव्ह.

सुप्तच ना?

खरी कसोटी इथे असते आणि ती बऱ्याचदा घाईत उरकली जाते. आयजीआरए किंवा माँटू दोन्ही एवढंच सांगतात की या शरीराची आणि जंतूची गाठ पडलेली आहे. वेढा टिकून आहे की फुटला आहे, ते सांगत नाहीत. सक्रिय क्षय असलेल्या माणसाला सुप्त समजून आयसोनियाझिड या क्षयाच्या एकट्या औषधावर ठेवलं, तर आजार तर बरा होत नाहीच, वर त्या औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात. आणि त्याच्यावर ॲडलिमुमॅब घातलं तर काय होईल, ते वर २००१च्या आकड्यांत आहे.

चार प्रश्न विचारायचे असतात: खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम. खोकला नाही, घाम नाही. ताप "कधी कधी कणकण". वजन वर्षात ५८वरून ५४. मोठी पंचाईत अशी की कणकण, घटलेलं वजन आणि वाढलेला सीआरपी या तिन्ही गोष्टी त्याचा मूळ आजारही करू शकतो. कोणती गोष्ट कोणाच्या खात्यावर टाकायची?

छातीचा फोटो स्वच्छ होता. नियमाप्रमाणे बऱ्याच ठिकाणी इथेच थांबतात. मी सीटी स्कॅन केला, आणि प्रत्येकाचा करावा असं माझं म्हणणं नाही. खर्च आहे, किरणं आहेत, आणि भारतीय छातीत शोधलं तर काहीतरी सापडतंच, मग त्याच्या मागे धावावं लागतं. पण चार किलो वजन आणि घरातला संपर्क, दोन्ही एकत्र आले तेव्हा मला फोटोवर विसंबायचं नव्हतं. सीटीत उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात एक चुना साचलेला बारीक दाणा आणि त्याच बाजूला तशीच चुनखडी झालेली एक लहान गाठ दिसली. जुन्या, मिटलेल्या लढाईच्या खुणा. मऊ, मध्ये काळसर, वाढलेली गाठ नव्हती. असती तर ती सुईने तपासल्याशिवाय पुढे जाता आलं नसतं. मिठाच्या पाण्याची वाफ देऊन बेडका काढला आणि जंतूची जनुकं शोधणाऱ्या ट्रूनॅटवर घातला. हे यंत्र गोव्यातल्या कंपनीचं. २०२०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली आणि आता ते तालुक्याच्या गावीही असतं. जंतू सापडला नाही. मानेत, काखेत गाठी नाहीत. पोटाची सोनोग्राफी साफ. एचआयव्ही निगेटिव्ह. साखर बरोबर, हिपॅटायटिस बी आणि सी नाहीत.

एवढं झाल्यावर "सुप्त" हा शब्द लिहिला.

गोळी कोणती

२०२१च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये टीएनएफविरोधी औषध सुरू करणारे रुग्ण प्रतिबंधक उपचारांच्या यादीत आहेत. मुख्य पर्याय दोन: सहा महिने रोज आयसोनियाझिड, किंवा आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन आठवड्यातून एकदा, असे १२ डोस. कार्यक्रमातून दोन्ही मोफत.

१२ डोसचा उपाय मला नेहमी आवडतो, कारण सहा महिने रोजची गोळी निरोगी वाटणारा माणूस घेत नाही. पण रिफापेंटिन हे रिफॅम्पिसिनचं भावंड; ते यकृताला कामाला लावून प्रेडनिसोलोनचा फडशा पाडतं. ७.५ मिलिग्रॅमवर कसाबसा शांत ठेवलेला डोळा पुन्हा पेटला असता. म्हणून आयसोनियाझिड ३०० मिलिग्रॅम रोज, सोबत हातापायाला मुंग्या येऊ नयेत म्हणून पायरिडॉक्सिन. अडचण मेथोट्रेक्सेटची: दोघांचा मार यकृतावर. मात्रा १० मिलिग्रॅमवर आणली आणि दर दोन आठवड्यांनी एसजीपीटी, यकृत दुखावलं की रक्तात वाढणारा आकडा. रविवारच्या शिंदीबद्दल मी विचारलं नसतं तर त्याने सांगितलं नसतं. "साहेब, शिंदी म्हणजे काय दारू नाही." यकृताला तो फरक कळत नाही, असं सांगून ती बंद करायला लावली.

मग तो महिना. आयसोनियाझिड सुरू केल्यावर निदान एक महिना जाऊ द्यायचा आणि नंतरच पहिलं इंजेक्शन, असा रिवाज आहे. तपासणीतच दीड महिना गेला होता, वर हा. त्याच्या बाजूने बघा: दुखणं चार वर्षांचं, औषध ठरलेलं, पैसे उचललेले, आणि डॉक्टर म्हणतो तुला नसलेल्या आजाराची गोळी आधी महिनाभर घे. दुसऱ्या आठवड्यात तो चिडूनच आला. दुसरीकडे कोणीतरी त्याला सांगितलं होतं की टोफासिटिनिबची गोळी आजच सुरू करता येते, सुई नाही, तपासणी नाही. गोळी असली तरी क्षयाचा धोका तिच्यातही आहे आणि तपासणी तिच्याआधीही लागतेच, हे त्याला समजावण्यात अर्धा तास गेला. पटलं की नाही, माहीत नाही. आला मात्र परत.

सहाव्या आठवड्यात, म्हणजे पहिलं ॲडलिमुमॅब देऊन झाल्यावर, एसजीपीटी ९६ आलं. लक्षणं नसतील तर पाचपटीपर्यंत आणि असतील तर तिपटीपर्यंत धीर धरतात. प्रयोगशाळेची वरची मर्यादा ४० होती. मळमळ नाही, डोळे पिवळे नाहीत, जेवण चालू. आयसोनियाझिड चालू ठेवलं, मेथोट्रेक्सेट तीन आठवडे थांबवलं. ५२वर उतरलं. तिसऱ्या महिन्यात आजाराचा स्कोअर २.१, प्रेडनिसोलोन बंद, वजन ५७. सहा महिन्यांचा कोर्स त्याने पुरा केला. आयसोनियाझिडच्या रिकाम्या पट्ट्या त्याने दोऱ्याला बांधून आणल्या होत्या.

नववा महिना

इथे प्रकरण संपलं असतं तर मी ते लिहिलं नसतं.

नवव्या महिन्यात तो एकटाच आला. आई नव्हती. "आईला टीबी निघालाय," म्हणाला. बेडक्यात जंतू, रिफॅम्पिसिनला दाद देणारे.

मी जुनी फाइल उघडली. पहिल्या दिवसाच्या पानावर माझ्याच अक्षरात जावयाची हकीकत होती, लाल लघवीसकट, खाली दोन रेघा मारलेल्या. मावशी त्या दिवशी माझ्या समोरच्या खुर्चीत बसून ती सांगताना खोकत होत्या. तंबाखूची पूड नाकातोंडात जाणाऱ्या बाईचा खोकला, असं मी मनातल्या मनात लिहून टाकलं होतं. कागदावर तेवढंही नव्हतं. तेव्हाचा खोकला तंबाखूचाच असेलही. आता ते कळायला मार्ग नाही. जावयाच्या त्याच चार महिन्यांत त्याही त्याच खोलीत होत्या. आजारी पडलेल्या माणसाचा संपर्क मी शोधला, आणि त्याच खोलीतल्या बाकीच्या तिघींचा छातीचा फोटो काढायला सांगितलं नाही. माझा पेशंट एक होता ना.

आता प्रश्न वेगळा होता. याने प्रतिबंधक कोर्स पुरा केलेला आहे, ॲडलिमुमॅब चालू आहे, आणि घरात उघडा क्षय आहे, किती दिवसांपासून ते ठाऊक नाही. आयजीआरए परत करण्यात अर्थ नव्हता. एकदा पॉझिटिव्ह आलेली बहुधा पॉझिटिव्हच राहते, नवा जंतू आणि जुना जंतू तिला वेगळे करता येत नाहीत. आणि सहा महिन्यांचं आयसोनियाझिड कालचा जंतू मारतं, उद्याचा अडवत नाही. आपल्याकडे बायोलॉजिकवर होणारा क्षय केवळ जुन्याचा उफाळा असतो असं नाही. नवी लागणही तेवढीच शक्य आहे.

पुढचं इंजेक्शन अडवून ठेवलं. तक्रार काही नव्हती, वजन उलट ५९ झालं होतं. सीटी आधीच्यासारखाच, तो दाणा आणि ती गाठ जागच्या जागी. बेडका साफ. दोन आठवडे उशिराने ॲडलिमुमॅब पुन्हा सुरू केलं आणि या वेळी आयसोनियाझिड-रिफापेंटिनचे १२ डोस दिले, कारण आता प्रेडनिसोलोन नव्हतं आणि ॲडलिमुमॅबवर रिफापेंटिनचा परिणाम होत नाही. कोर्स पुरा केलेल्या माणसाला दुसऱ्यांदा प्रतिबंधक उपचार द्यावेत का यावर एकमत नाही. एका सहकाऱ्याने नुसतं लक्ष ठेवा म्हटलं, दुसऱ्याने ॲडलिमुमॅब तीन महिने बंद करा म्हटलं. बंद केलं असतं तर डोळ्याचं काय, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. मला त्या घरातल्या हवेची खात्री वाटत नव्हती, म्हणून दिले.

क्षयरोग विभागाची माणसं घरी जाऊन आली. बायकोचा फोटो स्वच्छ. तिलाही १२ डोस. मुलीला काही नव्हतं. तिचे उपचार वजनाप्रमाणे सुरू झाले. मावशींचं सहा महिन्यांचं औषध गेल्या आठवड्यात संपलं. त्या स्वतः आल्या होत्या, तोंडाला पदर लावून, तोही आता गरज नसताना. बिड्या वळणं सोडलं नाही.

"डॉक्टर," जाताना म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही लाल लघवीचं विचारलंत. मग ह्या बारा डोसांत आमच्या घरी सगळ्यांचीच लाल. सून तर म्हणाली, आता पाहुण्यांना काय सांगायचं?"

पुढच्या महिन्यात त्याचा फोटो आणि रक्त आहे. सोबत घरातल्या सगळ्यांना घेऊन ये, असं फाइलच्या बाहेरच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहून दिलं आहे.